अप्पांच्या पसंतीचा उजेड

"या गेममधलं ऊन खोटं आहे," अप्पा म्हणाले, आणि तिथून आमच्या घराची घडी विस्कटली.

अप्पा म्हणजे माझे सासरे. उभी हयात त्यांनी मोठ्या गाड्या चालवण्यात घालवली. आधी ट्रक, मग लांब पल्ल्याच्या बस. एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. हे मी नाही, तेच सांगतात, आणि बहुतेक वेळा जेवताना सांगतात. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांनी आधी आमच्या गाडीची चावी खिशात घातली आणि मग बॅग खाली ठेवली. तेव्हापासून मी ऑफिसला बसने जातो. गाडी माझ्या नावावर आहे, हप्ते माझ्या पगारातून जातात, पण मला गाडीत बसायचं तर अप्पांना विचारावं लागतं, आणि ते आधी माझे बूट बघतात.

तक्रार मात्र कुणाची नव्हती, कारण मुंगी. मुंगी म्हणजे आमची कन्या, एका जागी स्वस्थ बसत नाही म्हणून पडलेलं नाव. ती रोज संध्याकाळी पोहायला जाते आणि तिला नेणं-आणणं अप्पांकडे. निघायच्या अर्धा तास आधीपासून त्यांची काच पुसणं, आरसा हलवणं, टायरला लाथ मारून बघणं सुरू होतं. त्या एका फेरीवर त्यांचा अख्खा दिवस उभा असतो, हे मलासुद्धा कळत होतं.

आता ती फेरी धोक्यात आली होती. अप्पांच्या लायसन्सची मुदत संपत आली होती आणि या वयात ते पुन्हा काढायचं तर डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला लागतो. बायको रोज आठवण करायची आणि अप्पा रोज उद्यावर ढकलायचे. "तो डॉक्टर काल जन्मलेला. मी धुक्यात घाट उतरवलेत. तो माझी नजर काय तपासणार?" आमच्या घरात अप्पांची नजर ही वादापलीकडची गोष्ट होती. दाखल्याबरोबर कदाचित गाडी चालवून दाखवायला सांगतील, या शंकेने मात्र ते जरा हलले होते. मोठ्या गाडीवरचा हात साफ राहावा म्हणून मी त्यांना कॉम्प्युटरवर बस चालवायचा गेम आणून दिला. स्टिअरिंगसकट. माझी चूक म्हणायची तर एवढीच.

पहिले काही दिवस ते खूश होते. मग एके संध्याकाळी त्यांनी बस बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मला हाक मारली.

"जावईबापू, संध्याकाळची वेळ आहे, ऊन समोरून येतंय, आणि मला सगळं स्वच्छ दिसतंय. असं कुठे असतं का?"

"गेम आहे अप्पा तो."

"ऊन डोळ्यांत घुसायला पाहिजे. आणि हे दिवे बघा. नुसते ठिपके. समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांना केवढं थोरलं कडं असतं. ते कुठे आहे?"

हे दुसऱ्या कुणाला म्हणाले असते तर त्याने हसून सोडून दिलं असतं. पण मी नगरपालिकेच्या पथदीप विभागात वरिष्ठ लिपिक आहे. या शहरात रात्री जो काही उजेड पडतो त्याचा कागद माझ्या टेबलावरून गेलेला असतो. उजेडाच्या बाबतीत माझ्याच घरात, माझ्याच कॉम्प्युटरवर त्रुटी निघावी, हे माझ्या मनाला लागलं. मी म्हणालो, "दोन दिवस द्या."

चौकशी केल्यावर कळलं की यावर उपाय आहे आणि त्याला पोस्ट-प्रोसेसिंग शेडर म्हणतात. सोप्या शब्दांत सांगतो, कारण मलाही तेवढंच कळलंय. गेम आपलं चित्र काढतो. ते पडद्यावर पोचण्याआधी मध्येच एक छोटा प्रोग्रॅम त्याला अडवतो, तोंडावर पावडर लावतो, डोळ्यांत काजळ घालतो आणि मग पुढे सोडतो. मूळ गेमला याचा पत्ताही नसतो. एक बटण दाबलं की पावडर लागते, तेच पुन्हा दाबलं की उतरते. दिव्याभोवती जी आभा येते तिला ब्लूम म्हणतात. धुरकटपणाचं वेगळं, पिवळेपणाचं वेगळं, सावल्यांचं वेगळं. प्रत्येकाला एक पट्टी असते, ती डावीकडे उजवीकडे सरकवायची. जगात हजारो माणसं रात्रंदिवस या पट्ट्या सरकवत बसलेली आहेत आणि एकमेकांना शिव्या देत आहेत, हे मला त्यांच्या चर्चा वाचून समजलं. आमच्या ऑफिसची आठवण झाली आणि धीर आला.

पहिल्या खटपटीत कुणा परदेशी माणसाने आयती जमवून ठेवलेली पट्ट्यांची मांडणी उतरवून घेतली. बस सुरू केली तर रस्ता, झाडं, प्रवासी सगळे तेलातून काढल्यासारखे चकचकीत. अप्पा म्हणाले, "यांना पुसून घ्या आधी." दुसऱ्या मांडणीत सावल्या इतक्या खऱ्या होत्या की बस दिसेना. तिसरीत कॉम्प्युटरचा पंखा असा घोंगावायला लागला की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, पिठाची गिरणी टाकलीत का. मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "टाकणार असाल तर आधी सोसायटीत सांगा, आम्हाला दळण लागतं."

तेवढ्यात बायकोने ओव्हन लावला आणि घरातली सगळी वीज गेली. उजेड सुधारायला घेतला आणि आम्ही मेणबत्ती शोधत होतो. माझ्या खात्याचा उल्लेख त्या वेळी बायकोने केला तो इथे देण्यासारखा नाही.

वरच्या मजल्यावर एक फोटोग्राफर राहतात. आयुष्यभर पासपोर्टचे फोटो काढले, पण बोलणं असं की सूर्य त्यांना विचारून उगवतो. ते स्वतःहून आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुमचं चुकतंय कुठे सांगू? तुम्ही पडद्यावरचा प्रकाश बघताय, पण खोलीतल्या प्रकाशाचं काय?" मग त्यांच्या सांगण्यावरून आम्ही हॉलच्या खिडक्यांना काळा कागद लावला. त्यांच्याच सांगण्यावरून पडद्यामागची भिंत राखाडी रंगवली. रंग सुकल्यावर ते बघायला आले आणि म्हणाले, "छान. पण खरं तर त्याने काही फरक पडत नाही." चहा पिऊन गेले.

आता तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या खिडक्या दिवसाढवळ्या काळ्या झाल्यावर लोक गप्प बसतात होय? सोसायटीच्या सेक्रेटरींनी बाहेरून दिसणाऱ्या बदलांसाठी कमिटीची परवानगी लागते असं कळवलं. परवानगीच्या अर्जात कारण लिहायचं होतं. मी प्रामाणिकपणे "ऊन खरे दिसावे म्हणून" असं लिहिलं. अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, "खिडकी उघडावी."

मी हार मानली असती, पण अप्पांनी उचल खाल्ली होती. लायसन्सचा विषय काढला की म्हणायचे, "आधी याचं ऊन होऊ दे, मग जातो डॉक्टरकडे. सराव खोट्या उन्हात करून काय फायदा?" म्हणजे माझ्या पट्ट्यांवर लायसन्स अडलं, आणि लायसन्सवर मुंगीची फेरी. बायको मला म्हणाली, "अहो, काय ते एकदाचं उरका. मुदत संपली तर मी त्यांना स्टिअरिंगला हात लावू देणार नाही, आणि मग त्यांचं तोंड तुम्ही बघायचं दिवसभर."

कडं नेमकं किती मोठं, हे दाखवायला अप्पा मला तिन्हीसांजेला गल्लीत घेऊन गेले. आमच्या फाटकासमोरच खांब आहे. दिवा नुकताच लागला होता.

"बघा. केवढं कडं आहे. आणि त्यातून काड्या निघाल्यात, दिसतात?"

मी पाहिलं. दिवा दिसत होता. नुसता दिवा.

"दिसतं ना?"

"हो, म्हणजे, आहे थोडंसं," मी म्हणालो. सासऱ्यांना नाही कसं म्हणणार? पण पथदीप विभागात एवढी वर्षं काढली आणि मला दिव्याचं कडंच दिसत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी लंच टाइममध्ये मी गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी अक्षरं वाचून घेतली, डोळ्यांत टॉर्च मारला, थेंब घातले आणि म्हणाले, "उत्तम आहेत डोळे."

"मग कडं का दिसत नाही?"

"कसलं कडं?"

"दिव्याभोवतीचं. काड्यांसकट."

त्यांनी टॉर्च खाली ठेवला. "ते दिसायलाच हवं असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आहेत घरात एक अनुभवी गृहस्थ. उजेडाची फार बारीक जाण आहे त्यांना."

"त्यांना घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "लवकर आणा. मला भेटायचंय त्यांना."

मला अभिमान वाटला. एवढा शिकलेला डॉक्टर, पण शिकायची तयारी बघा. घरी येऊन अप्पांना सांगितलं की डॉक्टरांना तुमचं मार्गदर्शन हवंय. अप्पा म्हणाले, "बघू सवडीने. त्यांना म्हणावं, फोन करून या."

डोळे उत्तम, तर दोष दिव्यात असणार. ऑफिसात आमच्या साहेबांना मी सहज विचारलं, आमच्या गल्लीतला दिवा जरा कुणी बघून येईल का. आमच्या खात्यात सहज काही होत नाही. तक्रार नोंदवावी लागते. नोंदवली. स्वरूप या रकान्यात कारकुनाने लिहिलं, दिव्यास कडे नसणे. साहेबांनी अशी तक्रार कधी पाहिली नव्हती, त्यामुळे त्यांनी ती गंभीर मानली. दुसऱ्या दिवशी शिडीची गाडी आली, दिवा काढून तपासणीला घेऊन गेली आणि गल्ली अंधारात गेली. नवा दिवा लावायचा तर जुन्याचा अहवाल यायला हवा, आणि जुन्यात दोष सापडत नव्हता म्हणून अहवाल येत नव्हता.

संध्याकाळी अख्खी गल्ली आमच्या दारात. खालच्या काकू अंधारात कुंडीवर आपटल्या होत्या. फोटोग्राफर मागे उभं राहून मोठ्याने म्हणाले, "तक्रार कुणी केली याची चौकशी व्हायला पाहिजे." त्यांना माहीत होतं. मी पण मान हलवून म्हणालो, चौकशी झालीच पाहिजे.

दिवा गेल्यामुळे आता अप्पांची आठवण हाच एक आधार उरला. मग आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. मी पट्ट्या सरकवायचो, ते बसमध्ये बसून सांगायचे. "वाढवा. अजून. कडं मोठं करा. आता जरा पिवळं. सगळंच पिवळं हो, नुसते दिवे नाही. आता धूर. काच पुसायची राहिलीय असा." ब्लूमची पट्टी उजव्या टोकाला जाऊन थांबली तरी ते म्हणाले अजून, म्हणून मी एकावर एक असे दोन ब्लूम चढवले. माझ्या नजरेला तो रस्ता म्हणजे कुणीतरी पातळ वरण सांडल्यासारखा दिसत होता. पण मी कोण बोलणार? मला तर साधं कडं दिसत नाही.

शेवटी अप्पांनी बस सुरू केली, समोरून एक ट्रक येऊ दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हां. आता खरं. अगदी असंच दिसतं रस्त्यावर. शाब्बास."

लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं शाब्बास. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. मी बायकोला आणि मुंगीला हाक मारली. बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. तिने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बिघडलाय का हा?"

"बिघडलाय काय? दोन ब्लूम आहेत त्यात," मी म्हणालो. "अप्पांनी पास केलंय. रस्त्यावर हुबेहूब असंच दिसतं."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? मला," अप्पा म्हणाले. "संध्याकाळी असंच असतं गं. तू कुठे बघतेस, तू मोबाइलमध्ये."

बायको माझ्या शेजारी वाकली आणि तिने विचारलं, पावडर उतरवायचं बटण कुठलं. मी दाखवलं. तिने दाबलं. रस्ता लख्ख झाला. बाजूने चालणारी माणसं दिसायला लागली. एक सायकलवाला होता, तो इतका वेळ तिथेच होता आणि आमच्या कुणाच्याच लक्षात आला नव्हता. तिने पुन्हा दाबलं. सायकलवाला गेला.

"अप्पा, तुम्हाला रोज असं दिसतं?" तिचा आवाज बारीक झाला होता.

उत्तर दिलं मुंगीने, आणि तेही मोठ्या कौतुकाने. "म्हणून तर मी सांगते ना आजोबांना. आमचा खेळ आहे. मी पुढे बसते आणि लाल, हिरवा ओरडते. ते म्हणतात, मी ओळखतो का बघ. पण पहिली मीच ओळखते नेहमी."

बायको माझ्यावर ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो, ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. अप्पांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"मला वाटलं, हल्लीचे दिवेच असे आहेत," ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून गाडीची चावी काढली आणि टेबलावर ठेवली. कुणी मागितली नव्हती.

बायकोचं ओरडणं नंतर, मी डॉक्टरांचा निरोप सांगितल्यावर झालं, आणि ते यथास्थित झालं. "मोतीबिंदू आहे हा. डॉक्टर तुम्हाला म्हणाला घेऊन या, आणि तुम्ही घरी येऊन मोतीबिंदूची हुबेहूब नक्कल तयार करत बसलात?" मी म्हणालो, नक्कल चांगली झाली हे तरी मान्य कर. तिने मान्य केलं नाही. डॉक्टरांनी मात्र केलं. त्यांनी मी मोबाइलवर काढलेला त्या पडद्याचा फोटो दोनदा मागून घेतला आणि म्हणाले, "पेशंटला काय दिसतं हे इतकं स्पष्ट मला कुणी दाखवलं नव्हतं. तुम्ही कुठल्या क्षेत्रात?" मी म्हणालो, "पथदीप."

अप्पा ऑपरेशनला घाबरले होते, पण ते कळू नये म्हणून त्यांनी वाट बघणाऱ्या बाकीच्या पेशंटना घाटाच्या गोष्टी सांगितल्या. एक डोळा झाला, काही दिवसांनी दुसरा. घरी आले आणि दारातच थांबले. "ही भिंत राखाडी कधी केलीत? शोभत नाही." मग गेम लावायला सांगितला. पडद्यावर माझे दोन ब्लूम तसेच होते. त्यांनी एक वळण घेतलं आणि बस थेट दुकानात घातली.

"हे असलं कुणी करून ठेवलं?"

"तुम्हीच सांगितलंत, अप्पा."

"मी? काहीतरीच. कुठला ड्रायव्हर असं सांगेल?"

दाखला मिळाला. लायसन्ससुद्धा झालं. पण अप्पा चावीकडे फिरकेनात. ती टेबलावर पडून राहिली आणि मुंगी आईबरोबर बसने पोहायला जायला लागली. मी संधी साधून चावी उचलायला गेलो, तर बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी ती जागेवर ठेवली. शेवटी एका संध्याकाळी तिनेच विचारलं, "आता तर दिसतंय ना सगळं?"

"दिसतंय," अप्पा म्हणाले. "पण तेव्हाही मला वाटत होतं की दिसतंय. शेजारी पोर बसलेली होती गं." एवढं बोलून ते खिडकीकडे वळले. काळा कागद अजून निघाला नव्हता, त्यामुळे बघायला काही नव्हतं, तरी ते बघत राहिले.

बायकोने चावी त्यांच्या हातात दिली. "चला. आज शेजारी मी बसते. मला चुकीचं वाटलं तर सांगेन, आणि तुम्ही ऐकायचं."

मला आणि मुंगीला मागे बसवलं. माझे बूट त्या दिवशी अप्पांनी पाहिले नाहीत, यावरून त्यांची मनःस्थिती समजा. गाडी त्यांनी इतकी हळू चालवली की एक आजीबाई फुटपाथवरून आमच्या पुढे गेल्या. ऊन समोरून येत होतं. ते सायकलवाल्यांना थांबून वाट देत होते, नसलेल्या सायकलवाल्यांनाही देत होते. मुंगीने एकदा तोंड उघडलं तर मी त्यावर हात ठेवला. सिग्नल लाल झाला आणि अप्पा रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या बऱ्याच अलीकडे, आपणहून थांबले. मग त्यांनी मान वळवून आपल्या मुलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुझे केस कधी पांढरे झाले?"

"झाली की चार-पाच वर्षं, अप्पा."

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. तिने त्यांच्या गिअरवरच्या हातावर आपला हात ठेवला. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न वाजवला, तरी गाडी जरा उशिराच निघाली. मी नाक ओढलं फक्त.

मग आरशात अप्पांचे नवे डोळे माझ्यावर येऊन थांबले.

"आणि जावईबापू, तुमचे मात्र अजून काळेच?"

"आमच्या घराण्यातच आहेत," मी म्हणालो.

"आजोबा, बाबा रंगवतात," मुंगी म्हणाली.

"ते गं मला मोतीबिंदूतूनही दिसत होतं," अप्पा म्हणाले आणि त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.